शेट्टम्माचा उंट

बसवनगुडी, बंगलोर
२४ जून १९५९

तीर्थरूप आजोबांना साष्टांग नमस्कार.

('साष्टांग' आईला विचारून लिहिलंय. त्यावर लाल शाई चालवू नका.)

माझ्या मागच्या पत्राचं उत्तर म्हणून तुम्ही माझंच पत्र परत पाठवलंत! त्यात एकतीस लाल खुणा आणि खाली शेरा, "भाषा बिघडली. पुढील वर्षी मॅट्रिकसाठी पुण्यास येणे." बाबांनी तो वाचला आणि नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. आई म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? परवा तू दूधवाल्याशी मराठीत कानडी बोलत होतीस." मराठीत कानडी कसं बोलतात ते देव जाणे.

आजोबा, मला यायचं नाही. रागावलात तरी चालेल, पण आधी ऐका. इथे येऊन चार वर्षं झाली. पहिलं वर्ष मी वर्गात मुक्याने काढलं. आता कुठे मैत्रिणींचे विनोद मला सांगितल्याबरोबर कळायला लागलेत, नाहीतर मी दुसऱ्या दिवशी हसायचे. आणि आत्ताच आम्हाला इतिहासाला राजलक्ष्मी मिस आल्यात. त्या म्हणाल्या, "राजांची पुस्तकं पुष्कळ झाली. तुम्ही आपल्या रस्त्यावरच्या एका माणसाचं पुस्तक करा. हाताने लिहायचं, हाताने शिवायचं. भाषा त्या माणसाची. अर्थ वर्गात तोंडी सांगायचा." माझ्या बाकावरच्या कल्पनाने स्वतःचंच पुस्तक करू का म्हणून विचारलं. मिसनी नुसतं बघितलं.

मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या अंबुबाईंना धरलंय. त्यांचं वय सत्तर, पण 'अज्जी' म्हटलं तर ओ देत नाहीत, 'अक्का'च म्हणावं लागतं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठीच बोलतात, पण तुम्ही ऐकलीत तर लाल शाईची बाटली पुरणार नाही. दसऱ्याला पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात ना इकडे, तशा त्यांच्याकडे त्रेचाळीस बाहुल्या आहेत आणि प्रत्येकीची गोष्ट आहे. काल मी अक्कांचे दोन हाड लिहून घेतले. अजून नऊ आहेत म्हणतात. वय झालंय, लवकर उरकायला हवं.

तर माझी अट. हे पुस्तक आधी तुम्हाला पाठवीन. तुम्हाला पसंत पडलं तर मी इथेच राहणार. कबूल?

तुमची
हेमलता


नारायण पेठ, पुणे
१ जुलै १९५९

चि. हेमलतेस अनेक आशीर्वाद.

'हाड' हा शब्द नपुंसकलिंगी असून अनेकवचन 'हाडे' असे होते. 'दोन हाड लिहून घेतले' हे सर्वस्वी अशुद्ध.

व्याकरण झाले. आता मला सांग, सत्तर वर्षांच्या बाईची हाडे तू काढतेस म्हणजे काय करतेस? उरलेली नऊ काढण्याआधी तुझ्या वडिलांना विचारलेस का? नंदकिशोर कारखान्यात यंत्रे जोडतो आणि मुलगी घरी म्हातारी सुटी करते, असा काही प्रकार आहे काय? ताबडतोब खुलासा कर.

तुझी अट मान्य, परंतु 'पसंत' हा शब्द मोघम आहे. चौतीस वर्षे मी मराठी शिकवली, पसंतीवर कोणाला पास केले नाही. वहीत दहाच्या आत चुका निघाल्या तर राहा बंगलोरला. दहा किंवा अधिक निघाल्या तर एप्रिलमध्ये पुण्यास यायचे, रडारड करायची नाही.

येथे अभ्यासास उत्तम सोय आहे. तुझी आजी गेल्यापासून मागच्या दोन्ही खोल्या रिकाम्याच आहेत. शांतता इतकी की पुढच्या खोलीतले घड्याळ स्वयंपाकघरात ऐकू येते. मी रोज पिठले-भात करतो, तो दोघांना सहज पुरेल.

तुझा
आजोबा


बसवनगुडी
२० जुलै १९५९

तीर्थरूप आजोबांना नमस्कार.

आजोबा, हाडु म्हणजे गाणं! कानडीत गाण्याला हाडु म्हणतात. अक्का म्हणतात तसं मी लिहून गेले. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं (त्यांना मोडी वाचता येते, बाळबोध अक्षर नाही), तर त्या इतक्या हसल्या की पाणी पाजावं लागलं. मग पदर सावरून म्हणाल्या, "आधी लिंग बघितलं, मग म्हातारी जित्ती हाय का ते विचारलं. मास्तर खरा."

तुमची सगळी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. त्यांना आवडतात. मागच्या पत्रातली घड्याळाची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. का ते सांगितलं नाही.

वही वेगळ्या रजिस्टर पोस्टाने पाठवतेय. पण आधी एक कबुली. पहिल्यांदा मी चलाखी केली. दहा चुकांची अट होती ना, म्हणून अक्कांचं सगळं बोलणं तुमच्या मराठीत धुऊन, इस्त्री करून लिहिलं. 'लई कोप आला' याचं 'ती अत्यंत क्रोधित झाली' केलं. सोळा पानं केली आणि मोठ्या ऐटीत त्यांना वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. शेवटी म्हणाल्या, "छान हाय. पण ही कोण बाई बोलते?"

मला इतकी लाज वाटली! राजलक्ष्मी मिसनी एका माणसाचं पुस्तक सांगितलं होतं आणि मी त्या माणसालाच बाहेर काढून दार लावून घेतलं होतं. दोन दिवस मी वहीला हात लावला नाही. त्यांचं बोलणं तसंच लिहिलं तर मी हरणार, हे मला दिसत होतं. शुद्ध लिहिलं तर जिंकणार, पण मग ते पुस्तक कोणाचं? आई म्हणाली, "दोन वह्या कर, एक मिसला, एक आजोबांना." ते मला पटलं नाही. तुम्हाला फसवून इथे राहिले असते तर दर पत्रात खोटं लिहावं लागलं असतं.

म्हणून तीच सोळा पानं फाडली आणि पुन्हा लिहिलं, त्या बोलतात तसं. नमुना म्हणून किराणा दुकानदार शेट्टी आणि त्याची बायको शेट्टम्मा, या जोडीच्या बाहुल्यांची गोष्ट इथे उतरवते:

"शेट्टीला आमच्या आईनं वरच्या पायरीवर ठेवलं आणि शेट्टम्माला खालच्या. तिला लई कोप आला. तोंड भिंतीकडे केलं आणि ऊट सोडलं. शेट्टी म्हणतो, स्वल्प तरी खा गं. ती नको म्हणते. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी बघतो तर तिच्या मांडीवर गूळ आणि तोंडाला मुंग्या. मानाचा मान राहिला, पोटाचं पोट भरलं, सरी."

आजोबा, मोजताना थोडं हळू मोजा. मला इथेच राहायचंय.

हेमलता

ता. क. मिसना वही सप्टेंबरअखेर द्यायची आहे. ही एकच प्रत आहे, जपून.


पुणे
१३ ऑगस्ट १९५९

चि. हेमलतेस आशीर्वाद.

तुझी वही पोस्टमनकडून सही करून घेतली आणि टेबलावर स्वच्छ कापड अंथरून वाचली. एकूण चुका दोनशे चौदा. दुसऱ्यांदा मोजल्या तेव्हा दोनशे एकोणीस भरल्या, परंतु संशयाचा फायदा तुला दिला.

सर्व चुका वहीतच लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत, म्हणजे शाळेत देताना तुला त्रास नको. मुळात मजकूर वाईट नाही. शेट्टम्माची गोष्ट मात्र कच्ची आहे. 'ऊट सोडलं' असे तू लिहितेस. कोशात 'ऊट' नाही, 'उंट' आहे, व तो पुल्लिंगी आहे. म्हणून 'तिने उंट सोडला' असे केले. पण उंट सोडल्यावर शेट्टी तिला काही तरी खा असे का म्हणतो, हे स्पष्ट होत नाही. पुढे नऊ दिवसांत त्या उंटाचा उल्लेखही नाही. एवढे मोठे जनावर, गेले कुठे? कथेतला धागा असा सोडू नये.

तेव्हा ठरल्याप्रमाणे. येथील शाळेत नाव घालण्याबद्दल मी हेडमास्तरांना भेटून आलो आहे. मागची खोली झाडून घेतली. खिडकीखाली तुझे टेबल ठेवले आहे, उजेड डाव्या हाताने येईल.

आजोबा


बसवनगुडी
२१ ऑगस्ट १९५९

आजोबांना नमस्कार.

तुम्ही माझ्या वहीत लिहिलंत! शिवलेल्या, समास आखलेल्या, एकुलत्या एका वहीत! महिनाभर मी बोटांना टाक टोचून घेतला आणि आता प्रत्येक पानाला गोवर आल्यासारखा दिसतोय. मी रडले. रडायचं नाही ही अट हरल्यानंतरची होती हे मला माहीत आहे, तरी रडले.

ऊट म्हणजे जेवण, आजोबा! इथे रस्त्यात कोणी भेटलं की 'ऊट झालं का' विचारतात. शेट्टम्माने जेवण सोडलं! (आणि शेवटचं 'सरी' म्हणजे 'ठीक'.)

रडत रडतच अक्कांना तुमची दुरुस्ती वाचून दाखवली. "तिने उंट सोडला." त्यांनी विचारलं, "काय सोडलं?" मी म्हटलं, "उंट." त्या उठल्या, पेटी उघडली, शेट्टम्माला बाहेर काढली (वीतभर उंचीची आहे), खाली-वर बघितली आणि म्हणाल्या, "ठेवला कुठे होता गं हिनं?" मग मला रडता येईना.

नंतर मात्र त्या गंभीर झाल्या. सगळी वही वाचायला लावली, काळं आधी, मग लाल. तुमची जुनी पत्रंही पुन्हा मागितली. मग दोन दिवस बसून तुम्हाला हे सोबतचं पत्र लिहिलंय, मोडीत. त्यांच्या वडिलांना मुलगा नव्हता, ते दप्तरात कारकून होते, त्यांनी हौसेने अक्कांना शिकवलं. मला मोडी येत नाही, बाबांना येत नाही. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाल्या, "मोठ्यांचं हाय." फार कडक शिव्या असतील तर मी आधीच माफी मागते.

हेमलता


(सोबत, मोडीत)

मास्तरअण्णांना बंगळूराहून अंबुबाईचा दंडवत.

तुमी मला वळखत नाय, पण माझ्या तोंडातली दोनशे चौदा अक्षरं तुमी काडली, म्हणजे वळख झालीच. उंटाबद्दल लई उपकार. आमच्या घरात उंट नव्हता.

माझं ऊट तुमाला सोसत नाय. सरी. मग तुमच्या पत्रातलं टेबल कुटल्या म्हराटीतलं? पोस्टमन कुणाचा? हेडमास्तर कुणाच्या बापाचा? तुमच्या शेजारी साहेब राहिला, तुमी त्याचे शब्द घेतले. माझ्या शेजारी कानडी राहिले, मी त्यांचे घेतले. तीनशे वर्षं ही बोली आमी चुलीजवळ संभाळली. कुणी शिकवली नाय, कुणी तपासली नाय. तुमी पैलेच तपासणारे. त्याचा मला कोप नाय, उलट बरं वाटलं. कुणी तरी एवढं ध्यान देऊन वाचलं.

आता दुसरं. राग धरू नका, मी वयानं तुमच्या बरोबरीची. पोर मला तुमची पत्रं वाचून दावते. तिला त्यात व्याकरण दिसतं. मला घड्याळ ऐकू येतं. माझे मालक येसाजी गेले तवा मला पण असंच घड्याळ ऐकू यायचं. मी ते बंद करून पेटीत टाकलं आणि वरचा मजला या लोकांना दिला, बोलणं ऐकू यावं म्हणून.

अण्णा, पोरीची भाषा बिघडली म्हणून तुमी तिला बोलवत नाय. घरात तुमच्याशी बोलायला कुणी नाय म्हणून बोलवता. तसं सरळ लिवा की. पोर शाणी हाय. लाल शाईत कशाला लिवता?

अंबुबाई


बसवनगुडी
२९ सप्टेंबर १९५९

तीर्थरूप आजोबांना नमस्कार.

साडेपाच आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. बाबांनी विचारलं तर तुम्ही त्यांना 'प्रकृती ठीक' एवढंच लिहिलंत. माझ्यावर रागावलात का? अक्कांना विचारलं, काय लिहिलं होतंत? म्हणाल्या, "खरं लिवलं. खऱ्याला उत्तर यायला येळ लागतो."

प्रोजेक्टचं सांगते. सहामाही परीक्षा आली आणि नवी वही करायला दिवस उरले नाहीत. शेवटी तीच वही दिली, लाल-काळी, उंटासकट. वर्गात उभं राहून आधी अक्कांची ओळ वाचली, मग तुमची, आणि अर्थ सांगितला. उंटाला सगळा वर्ग बाकांवर आडवा झाला. शेजारच्या वर्गातून कोणीतरी आलं बघायला.

मिस हसल्या नाहीत. वही घरी घेऊन गेल्या. परवा परत दिली, मागे लिहिलंय, "एका माणसाचं पुस्तक सांगितलं होतं, तू दोघांचं केलंस. यांनी भांडण केलं, पण एकमेकांचा एक शब्दही वाचायचा सोडला नाही." मला तर हे दिसलंच नव्हतं. मी तुमच्या लाल शाईकडे नुसती वहीची नासाडी म्हणून बघत होते. आता बघितलं तर एका पानावर, जिथे एकही चूक नाही, तिथे तुम्ही बारीक अक्षरात 'वा' लिहून खोडलंय. का खोडलंत?

आणखी एक, कोणाला सांगू नका. शेट्टम्माच्या तोंडाच्या मुंग्या माझ्या आहेत. अक्कांनी फक्त गूळ सांगितला होता, मुंग्या मी घातल्या. मिसनी 'त्या माणसाचंच लिहा' म्हटलं होतं, म्हणून मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. शेवटी अक्कांना सांगून टाकलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मुंग्या येणारच, गूळ हाय. राहू दे." काल त्या शेजारणीला गोष्ट सांगत होत्या, मुंग्यांसकट, अगदी लहानपणी डोळ्यांनी बघितल्यासारख्या. मी दारात उभी होते. इतकं छान मला बक्षीस मिळूनही वाटलं नसतं.

पण मी अट हरलेय, हे विसरले नाही. एप्रिलमध्ये येते. कपाटात जागा ठेवा.

हेमलता


पुणे
५ ऑक्टोबर १९५९

चि. हेमास आशीर्वाद.

अंबुबाईंचे पत्र आले तेव्हा मी प्रथम लाल शाई काढली. चार ओळी तपासल्या. मग दौत बंद केली. त्यानंतर तुला आठ पत्रे लिहिली व फाडली. हे नववे आहे. वाईट झाले तरी पाठवणार आहे.

हेमा, तुझी भाषा बिघडलेली नाही. तुझी आजी दिवसभर बोलत असे. मी तिला सारखा म्हणे, जरा गप्प बस, मला वह्या तपासायच्या आहेत. आता ती गप्प आहे आणि वह्या येत नाहीत. तुझे पत्र आले की मी ते चार दिवस पुरवतो. एका दिवसात आठ चुका, असे. 'तू ये, मला करमत नाही' हे लिहायची लाज वाटली. चौतीस वर्षे मास्तर होतो. म्हणून 'भाषा बिघडली' असे लिहिले. ती अट खोटी होती. ती मी रद्द करतो.

'वा' खोडला, कारण शेरा नेमका असावा, नुसता उद्गार नसावा. आता नेमका लिहितो. ते पान वाचताना मी एकटा नव्हतो.

आता सरळ विचारतो. येशील का? नाही म्हणालीस तरी चालेल, असे मी लिहिणार नाही, कारण मला चालणार नाही. पण तुला नाही म्हणता येईल.

आजोबा


बसवनगुडी
१३ ऑक्टोबर १९५९

प्रिय आजोबा,

तुम्ही ओरडत होतात तेव्हा नाही म्हणणं किती सोपं होतं! तुमचं पत्र मी अक्कांना वाचून दाखवलं नाही. कोणालाच नाही. गच्चीवर जाऊन तीनदा वाचलं, आणि आजीची इतकी आठवण आली की खाली येऊन आईला मिठी मारली. तिला वाटलं, मी काहीतरी फोडलं.

तीन दिवस स्वतःला विचारलं. 'येते' असं लिहूनही बघितलं. छान दिसत होतं, पण वाचताना ते मी बोलतेय असं वाटेना. तुम्हालाही कळलं असतं.

आजोबा, मी येत नाही. मॅट्रिक इथेच करणार. मला इथे राहायचंय, आणि तुमच्यासाठी वाईटही वाटतंय, आणि या दोन गोष्टींचं एक वाक्य मला करता येत नाही. मे महिन्यात येईन, पूर्ण सुट्टी. तेवढ्याने भागणार नाही हे मला कळतं.

तुम्हीच इकडे या, असं लिहिणार नाही. बाबांनी पाच वेळा लिहिलं आणि पाचही वेळा तुम्ही 'तिकडच्या भाताने वात होतो' म्हणून कळवलंत.

तुमची
हेमा


पुणे
१९ ऑक्टोबर १९५९

चि. हेमास,

तुझे 'नाही' वाचले. वाईट वाटले. पहिल्या दिवशी फार, दुसऱ्या दिवशी तितकेच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंना घराची किल्ली दिली.

शनिवारी गाडीत बसतो आहे. नंदकिशोरला वेळ तारेने कळवीन. स्टेशनवर तो नको, तू ये. पायांत चपला घालून ये, उन्हात पळू नकोस.

किती दिवसांसाठी, असे कोणी मला विचारायचे नाही. मला ठाऊक नाही.

आजोबा